लॅपटॉप सुरू होत नाही आणि दुकानदार 'फॉरमॅट मारू' म्हणतो: आधी फाइली कशा काढायच्या

ताई, आधी लॅपटॉपची चार्जिंगची पिन काढून ठेवा आणि हे सगळं वाचून होईपर्यंत त्याचं बटण दाबू नका. भावालाही तेवढं सांगा. का, ते पुढे येईलच.

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजला की नाही ते तुम्हालाही कळेल. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, मागच्या वर्षी गेले. त्यांचा २०१७ सालचा, १ टीबी हार्डडिस्कचा लॅपटॉप घरी आहे. त्यात घरचे फोटो आहेत, शाळेची टाइप केलेली कागदं आहेत, आणि त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायांकडून रेकॉर्ड करून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. मागच्या आठवड्यात रात्री विजा कडाडल्या, लाइन गेली, आणि तेव्हापासून लॅपटॉप सुरू होत नाही. लाइट लागतो, कंपनीचा लोगो येतो, मग तासन्‌तास ते गोल फिरत राहतं. दोनदा 'ऑटोमॅटिक रिपेअर' असं आलं. कान लावला तर आत बारीक टिकटिक ऐकू येते. दुकानात दाखवला तर "विंडोज उडालं, फॉरमॅट मारून देतो, उद्या घेऊन जा" म्हणाले. फॉरमॅट मारला तर फाइली राहतील का, असं तुम्ही विचारता.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकोणीस वर्षांपासून लॅपटॉप-कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की राहतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून फॉरमॅट मारू द्यायचा नाही. लॅपटॉप दुरुस्त करणं आणि लॅपटॉपमधल्या फाइली काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानात आपण "हा सुरू करून द्या" म्हणतो आणि दुकानदार तेच ऐकतो. त्याच्या दृष्टीने नवं विंडोज टाकून लॅपटॉप चालू झाला की काम झालं. त्यात त्याची लबाडी नसते, आपणच त्याला दुसरं काम सांगितलेलं असतं. म्हणून यापुढे कुठेही गेलात तरी पहिलं वाक्य हे ठेवा: "लॅपटॉप सुरू नाही झाला तरी चालेल, मला आतल्या फाइली पाहिजेत. डिस्कवर काहीही लिहायचं नाही." हे ऐकून जो "होते ना जी, फॉरमॅट मारूनही भेटतात फाइली" म्हणेल, त्याच्याकडून लॅपटॉप परत घ्या.

फॉरमॅट मारल्यावरही फाइली मिळतात, हे अर्धं खरं आहे. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर नुसता क्विक फॉरमॅट मारला तर यादी पुसली जाते, माल बराचसा जागेवर असतो. पण दुकानात तेवढ्यावर थांबत नाहीत. लगेच वीस-पंचवीस जीबीचं नवं विंडोज टाकतात, वर ड्रायव्हर, ऑफिस, अँटिव्हायरस. हे सगळं त्याच जमिनीवर पेरलं जातं, आणि जिथे पेरलं तिथलं जुनं कायमचं गेलं. ते फोटो होते की ओव्या, ते आपल्या हातात नसतं. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली नवी डिस्क, असेल तर गोष्ट आणखी वाईट. फॉरमॅट झाला की विंडोज एसएसडीला 'ही जागा रिकामी समज' असा आदेश देतं, त्याला ट्रिम म्हणतात. मग थोड्याच वेळात तिथून काही वाचता येत नाही.

आता तुमच्या लक्षणांकडे. तुम्हाला वाटतं विजेने नुकसान केलं. आपल्याकडे ते होतंच, अर्थिंग धड नसलेली घरं आणि वरखाली होणारं व्होल्टेज यामुळे पहिल्या पावसाच्या आठवड्यात माझ्याकडे जळालेल्या अडॅप्टरांचा ढीग लागतो. पण विजेचा झटका अडॅप्टर किंवा मदरबोर्डवर बसला, तर बहुतेक वेळा लाइटच लागत नाही, निदान लोगो तरी येत नाही. तुमचा लोगो येतो. म्हणजे अडॅप्टर, बोर्ड, रॅम, स्क्रीन यांनी आपापलं काम केलं आणि पुढे डिस्कवरून विंडोज उचलताना गाडी अडकली. त्यात २०१७ पासूनची जुनी हार्डडिस्क आणि टिकटिक. माझा अंदाज, डिस्क आधीपासूनच थकत आली होती, आणि अचानक लाइन गेली तेव्हा उरलीसुरली उघडी पडली. बाबांचा लॅपटॉप शेवटच्या काळात फार हळू झाला होता का, फाइल उघडायला दोन-दोन मिनिटं लागायची का, ते आठवून पाहा. तसं असेल तर अंदाज आणखी पक्का होतो. तरी हा अंदाजच आहे, डिस्क हातात घेतल्याशिवाय कोणी शपथेवर सांगू नये.

म्हणूनच बटण दाबू नका म्हटलं. 'ऑटोमॅटिक रिपेअर' हे नाव दिलासा देणारं आहे, पण आजारी डिस्कवर ते नांगर फिरवल्यासारखं काम करतं. विंडोज पूर्ण डिस्क तपासायला घेतं, खराब जागेवर पुन्हापुन्हा डोकं आपटतं, आणि फाइलींच्या नोंदी आपल्या समजुतीने बदलून लिहितं. मी सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याची डिस्क अशीच हातची घालवली. दिसत होती, पण फोल्डर उघडत नव्हतं. मी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवली, टक्के पुढे सरकत होते म्हणून मी खूश. सकाळी पाहिलं तर मुलीच्या लग्नाच्या फोल्डरच्या जागी नाव हरवलेले शेकडो तुकडे, आणि दुपारपर्यंत डिस्क ओळखूच येईना. त्या माणसाने एक शब्द बोलून दाखवला नाही, नुसती पिशवी उचलून निघून गेला. तेव्हापासून आजारी डिस्कवर मी दुरुस्तीचं कोणतंही साधन चालवत नाही. आधी नक्कल, मग जे करायचं ते नकलेवर.

ज्यांच्या लॅपटॉपला लाइटच लागत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. त्यांचं काम बहुधा तुमच्यापेक्षा सोपं असतं. गावातल्या कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असतो, त्याने अडॅप्टरच्या पिनेवर १९-२० व्होल्टच्या आसपास येतात का ते पाहा. येत असतील तर पिन काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा आणि मग नुसत्या अडॅप्टरवर लावून पाहा. आवाज येतो पण स्क्रीन काळी, असं असेल तर एचडीएमआय वायरने घरच्या टीव्हीला जोडा. कित्येकदा सगळं टीव्हीवर हजर असतं. आणि बोर्ड खरंच मेलेला असेल, तरी डिस्क बहुतेक वेळा सुखरूप असते. ती काढून दुसरीकडे लावली की झालं. मात्र बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला तर दाबू नका, टोचू नका आणि चार्जिंगला लावू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे अशा बॅटऱ्या फार येतात.

डिस्कला हात लावण्याआधी एक संध्याकाळ शोधात घालवा. बाबांचा जुना फोन अजून घरात आहे का? ओव्या त्यांनी फोनवर रेकॉर्ड केल्या असतील तर मूळ फाइली मेमरी कार्डात असू शकतात. त्यांच्या जीमेलच्या 'सेंट' मध्ये पाहा, शिक्षक मंडळी शाळेचे कागद मेलने पाठवतातच. गूगल फोटोज उघडा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातलं वनड्राइव्हही पाहा, विंडोज १० पासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची फोल्डरं कित्येकांच्या नकळत तिकडे चढलेली असतात. शाळेतला कॉम्प्युटर, त्यांच्या सहकारी शिक्षकांचे पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲपवर ज्यांना पाठवलं ती माणसं. जे बाहेर सापडेल त्याची यादी करा. मग डिस्कवरून काय काढायचं ते नेमकं कळतं, आणि थकलेल्या डिस्ककडून कमीत कमी काम घेता येतं.

मायक्रोसॉफ्टच्या त्याच खात्यात आणखी एक गोष्ट बघायची, बिटलॉकरची रिकव्हरी की. डिस्कवरच्या माहितीला हे बिटलॉकरचं कुलूप असेल तर डिस्क बाहेर काढल्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागते, आणि ती नसेल तर मी काय, कोणीच काही करू शकत नाही. तुमच्या २०१७ च्या हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपला हे कुलूप बहुधा नसेल. पण नवीन लॅपटॉपना, विशेषतः २०२४ पासूनच्या विंडोज ११ वर, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की ते पुष्कळदा आपोआप लागतं, मालकाला पत्ताही नसतो. बाकी वाचणाऱ्यांनी लॅपटॉप चालू आहे तोवरच ती किल्ली वहीत उतरवून ठेवावी. लॉगिनचा पासवर्ड ही वेगळी गोष्ट, तो आठवत नसला तरी कुलूप नसलेली डिस्क वाचता येते.

आता डिस्क काढायची. २०१७ च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती अडीच इंची असते, साधारण पत्त्यांच्या कॅटएवढी पण चपटी. खालचं झाकण स्क्रूने बसवलेलं असतं आणि कडेला प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. एखादा स्क्रू रबराच्या पायाखाली लपलेला असतो, तो राहिला आणि झाकण ओढलं तर तुटतं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढणं, दुसरं डिस्क सरळ रेषेत मागे सरकवणं. तुम्हाला किंवा भावाला याची सवय नसेल तर हे काम दुकानात करून घ्या, पण समोर बसून, आणि डिस्क पिशवीत घालून घरी आणा. दहा मिनिटांचं काम आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कऐवजी च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू एसएसडी असते, तीही एका स्क्रूने निघते, फक्त तिला वेगळी केस लागते. काही स्वस्त लॅपटॉपात आणि नव्या मॅकबुकात मात्र साठवण बोर्डवरच जोडलेली असते. तिथे बोर्ड जिवंत करण्यावाचून मार्ग नाही.

डिस्क हातात आली की पुढचा रस्ता ती कशी वागते त्यावर ठरतो. साटा टू यूएसबी वायर, म्हणजे बाहेर काढलेली डिस्क यूएसबीला जोडायची वायर, चार-पाचशे रुपयांत मिळते. वायर लावा, चांगल्या लॅपटॉपला जोडा, आणि डिस्क कानाशी धरा. एकसारखी मऊ घरघर येत असेल आणि दहा-पंधरा सेकंदांत फोल्डरं दिसली, तर सरळ कॉपी सुरू करा. विंडोज "परवानगी नाही" म्हणालं तर कंटिन्यू करता येतं, पण त्या वेळी ते जुन्या डिस्कवर परवानग्या बदलून लिहितं. म्हणून मी उबुंटूचा किंवा लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह वापरतो, हे विंडोजच्या जागी चालणारे लिनक्सचे मोफत प्रकार आहेत. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि 'इन्स्टॉल' ला हात न लावता 'ट्राय' निवडायचं. तो विंडोजच्या परवानग्या विचारत नाही. विंडोज धड बंद झालेलं नसेल तर लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं, किंवा उघडताना कुरकुर करतं. फक्त वाचता येणं हेच आपल्याला पाहिजे. जबरदस्तीने लिहिण्याची परवानगी देण्याचे उपाय जिथे तिथे सांगितलेले असतात, ते करू नका.

आणि "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" असा चौकोन आला तर कॅन्सल. त्या चौकोनात ठळक बटण फॉरमॅटचं असतं आणि घाईत बोट तिकडेच जातं.

दुसरी शक्यता, टिकटिक अधूनमधून येते, डिस्क ओळखली जाते, पण फोल्डर उघडायला मिनिटं लागतात. तुमचं प्रकरण इथे बसेल असं मला वाटतं. अशा डिस्कवरून फाइल-फाइल कॉपी करायला गेलं तर एका खराब फाइलपाशी सगळं तासभर अडून बसतं, आणि त्या तासाभरात डिस्क आणखी खंगते. इथे पूर्ण डिस्कची नक्कल काढायची. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. ते कापूस वेचणाऱ्या चांगल्या बाईसारखं काम करतं. पहिल्या वेचणीत पूर्ण फुटलेली बोंडं पटापट वेचते, अर्धवट उघडलेल्या बोंडाशी झटापट करत नाही, पुढे सरकते. सगळं शेत झाल्यावर मग राहिलेल्या बोंडांकडे परत येते. डिस्क मध्येच मेली तरी बहुतेक माल तोवर घरात आलेला असतो.

यात आपल्याकडच्या परिस्थितीला धरून चार गोष्टी सांगतो, कारण शहरात बसून लिहिणाऱ्यांना त्या सुचत नाहीत. पहिली गोष्ट लाइनची. १ टीबीची नक्कल यूएसबी २ च्या वेगाने, सगळं सुरळीत असलं तरी, नऊ-दहा तास घेते. आजारी डिस्क तीन-चार दिवसही घेते. तेवढ्या वेळात लाइन जाणारच. म्हणून हे काम बॅटरी चांगली असलेल्या लॅपटॉपवर करा किंवा इन्व्हर्टरवर. डीडीरेस्क्यू कुठवर आलं याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतं आणि पुन्हा सुरू केल्यावर तिथूनच पुढे जातं. पण पेनड्राइव्हवरून चालणारं उबुंटू बंद झालं की त्यातलं सगळं पुसलं जातं. मॅपफाइल तिथे ठेवलीत तर चार दिवसांची मेहनत एका झटक्यात गेली. ती नव्या बाहेरच्या डिस्कवर, नकलेच्या शेजारीच ठेवा. माझ्याकडे एका सहकारी संस्थेच्या हिशेबाची डिस्क आली होती, जुलै महिना, रोज पाच-सहा वेळा लाइन जायची. तीन रात्री चालली ती नक्कल. दर वेळी पुन्हा सुरू केली की स्क्रीनवर आकडा जिथे थांबला होता तिथूनच पुढे सरकायचा. शेवटी अगदी थोडे कोपरे सोडून सगळं आलं.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश सहज होतं. हार्डडिस्क साधारण ६० अंशांपर्यंत चालावी अशी बनवतात, आणि बंद खोलीत, बंद केसमध्ये तासन्‌तास चाललेली डिस्क त्या रेषेजवळ पोचते. म्हणून रात्री लावा, डिस्क केसबाहेर लाकडी पाटावर सपाट ठेवा, समोर पंखा. कूलरची ओली हवा थेट अंगावर घेऊ नका. हात लावून चटका बसत असेल तर थांबवा, थंड होऊ द्या, पुन्हा सुरू करा.

तिसरी, जागेची. नक्कल घ्यायला २ टीबीची नवी डिस्क घ्या. १ टीबीच्या डिस्कची नक्कल १ टीबीच्याच डिस्कवर फाइल म्हणून मावत नाही, आणि नकलेतून काढलेल्या फाइली ठेवायलाही जागा लागते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. या साधनाला कोणती डिस्क जुनी आणि कोणती नवी ते आपण सांगायचं असतं. उलटं सांगितलं तर ते निमूटपणे कोरी डिस्क बाबांच्या डिस्कवर उतरवेल. मी जुन्या डिस्कला लाल चिकटपट्टी लावतो, तिचा सिरियल नंबर कागदावर लिहितो, आणि एंटर दाबण्याआधी स्क्रीनवरच्या नंबराशी एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहतो. एकोणीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही. हे काळ्या स्क्रीनवरचं काम करण्याचा विश्वास नसेल तर स्वतः करू नका, करणारा शोधा. फक्त त्याला 'क्लोन आधी', म्हणजे आधी पूर्ण नक्कल, असं सांगा. आणि त्याच्याकडे डेस्कटॉप असेल तर डिस्क यूएसबीऐवजी आतल्या साटा वायरला लावायला सांगा, खराब डिस्क तिथे जास्त नीट बोलते.

आता तिसरी शक्यता, जी होऊ नये असं मला मनापासून वाटतं. डिस्क लावली की टक, टक, टक असा ठरावीक ताल येतो आणि मग ती थांबते, किंवा अजिबात फिरत नाही, किंवा ओळखूच येत नाही. तेव्हा वायर लगेच काढा. पुन्हा एकदा लावून बघू, असं करू नका. आतलं वाचणारं डोकं बिघडलेलं असतं आणि प्रत्येक प्रयत्नात ते तबकडी खरवडू शकतं. हे काम माझ्या दुकानात होत नाही, धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेतच होतं, आणि अशा प्रयोगशाळा मोठ्या शहरांत असतात. खर्च हजारोंत जातो, कधी पन्नास हजारांच्याही पुढे. आधी तपासून अंदाज देणारी आणि 'फाइली मिळाल्या नाहीत तर पैसे नाहीत' असं लेखी देणारी जागा निवडा. पैसे आता नसतील तर डिस्क गुंडाळून कपाटात ठेवा. बंद ठेवलेली डिस्क वर्ष-दोन वर्षं थांबू शकते, तिला घाई नसते.

या अवस्थेत लोक दोन घरगुती उपाय करतात. एक, डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि पावसाळी हवेत तर हमखास. दुसरा, डिस्क उघडून पाहणं. एक मुलगा माझ्याकडे अशी डिस्क घेऊन आला होता, घरी झाकण उघडून, तोंडाने फुंकर मारून 'साफ' केलेली. आरशासारख्या तबकडीवर अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता आणि त्याच्या शेजारी कापसाचा एक तंतू चिकटलेला, गावात जिनिंग सुरू होतं. कापसाचा तंतू १० ते २० मायक्रॉन जाड असतो. डिस्कमधलं डोकं तबकडीपासून दहा नॅनोमीटरच्या आतल्या अंतरावर तरंगतं, आणि खाली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असते. म्हणजे तो एक तंतू डोक्यासमोर हजार पटींनी उंच बांध होता. ती डिस्क मी वीज न लावता तशीच परत केली.

पाठवायची वेळ आली तर ज्या चकाकत्या करड्या पिशवीत नवी डिस्क येते तशी पिशवी दुकानातून मागून घ्या, वर बुडबुड्यांचं प्लॅस्टिक, मग घट्ट खोका. घरात कापूस आहे म्हणून त्यात गुंडाळू नका, तंतू कनेक्टरमध्ये जातात. जमलं तर स्वतः घेऊन जा. मांडीवर ठेवलेली डिस्क एसटीच्या टपावरच्या डिस्कपेक्षा सुखरूप पोचते.

थोडक्यात तुमचा क्रम असा: बटण बंद, फोन-मेल-शाळेत शोध, डिस्क बाहेर, कान लावून ऐकणं. शांत असेल तर कॉपी, अडखळत असेल तर नक्कल, टकटक असेल तर लगेच थांबून प्रयोगशाळा.

नक्कल मिळाली की त्यातून काय काढायचं, याबद्दल तुमच्या बाबतीत मला विशेष सांगायचं आहे. फाइली 'युजर्स' फोल्डरात बाबांच्या नावाखाली सापडतील, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. पण आपल्या भागातले शिक्षक आणि ग्रामपंचायतीची मंडळी बऱ्याचदा सगळं डी ड्राइव्हवर 'माझे काम' किंवा 'न्यू फोल्डर' अशा नावाने ठेवतात, तिकडे आवर्जून पाहा. डिस्क फक्त थोडा वेळच वाचता आली, तर तेवढ्यात ओव्यांचं फोल्डर पहिलं काढा. लग्नाचे फोटो नातेवाइकांकडे निघतील, शासकीय पत्रकं कुठेही मिळतील, त्या बायांचे आवाज दुसरीकडे नाहीत.

इथेच फोटोरेक नावाच्या साधनाबद्दल सावध करतो. ते मोफत आहे, चांगलं आहे, हरवलेल्या फाइली खरंच शोधून काढतं. पण ते फाइलचं नाव आणि फोल्डर आणत नाही. 'अमुक आजी, अमुक गाव, पहाटेच्या ओव्या' असं बाबांनी जपून दिलेलं नाव जाऊन त्या जागी एक अक्षर आणि लांबलचक आकडा येतो. चारशे रेकॉर्डिंग मिळाली पण कोणती कोणाची ते कळेना, असं झालं तर बाबांची अर्धी मेहनत गेल्यासारखी आहे. म्हणून आधी नकलेतून नावांसकट फोल्डर काढायचा पूर्ण प्रयत्न करा, त्यासाठी टेस्टडिस्क नावाचं साधन वापरून पाहता येतं. फोटोरेक सगळ्यात शेवटी, आणि तेही नकलेवरच. नावांसाठी आणखी एक आसरा म्हणजे बाबांच्या वह्या. त्यांनी कोणत्या दिवशी कोणत्या गावी गेलो हे लिहिलं असेल तर फाइलच्या आत नोंदलेल्या तारखेशी ते जुळवता येतं.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यामुळे लोक मिळालेल्या फाइलीही टाकून देतात. वर्डची फाइल उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा चिखल दिसला, की "फाइल करप्ट झाली" असं सांगितलं जातं. दहापैकी आठ वेळा ती धडधाकट असते. जुन्या काळी टायपिंग कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी अशा फॉन्टमध्ये व्हायचं. त्यात मराठी अक्षर खरं तर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की मागचं इंग्रजी उघडं पडतं. तो फॉन्ट बाबांच्याच डिस्कवर आहे, 'विंडोज' फोल्डराच्या आत 'फॉन्ट्स' मध्ये. फाइलींबरोबर ते फोल्डरही काढून ठेवा, त्यातला फॉन्ट नव्या लॅपटॉपवर टाका, आणि तीच फाइल पुन्हा उघडा. मागच्या दिवाळीत एका निवृत्त मास्तरांची फाइल मी अशी उघडून दिली. चिखलातून एकदम 'श्री' उमटलं, आणि ते खुर्ची पुढे ओढून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले.

रेकॉर्डिंग जुन्या फोनची असतील तर ती एएमआर किंवा थ्रीजीपी प्रकारची असू शकतात, नेहमीच्या प्लेअरमध्ये वाजत नाहीत. व्हीएलसी टाका, त्यात वाजतात. फाइली मिळाल्या की नुसती नावं पाहून समाधान मानू नका. प्रत्येक फोल्डरातली पाच-सहा रेकॉर्डिंग सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ऐकून पाहा. खराब जागेवर पडलेली फाइल नावाने पूर्ण दिसते आणि मध्येच गप्प होते. तशी सापडली तर त्या फाइलचं नाव लिहून ठेवा आणि जुनी डिस्क फेकू नका, त्या जागेवर नक्कल पुन्हा एकदा लावून पाहता येते.

डिस्क बाहेर काढली की तिच्या लेबलचा फोटो आणि वायर लावल्यावरच्या पहिल्या दहा सेकंदांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून मला ऐकवा. त्याहून जास्त वेळ चालू ठेवू नका. आवाज ऐकला की वरच्या तिन्हींपैकी तुमचा रस्ता कोणता, ते मी सांगतो.